चोवीस हजार अक्षरं, साडेबाराशे साखळ्या : डीएनए साठवणुकीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

उद्दिष्ट आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. २४,००० अक्षरांचा मराठी मजकूर डीएनएच्या साखळ्यांत बदलायचा, त्या साखळ्यांत खऱ्यासारख्या चुका घालायच्या आणि मजकूर जसाच्या तसा परत मिळवायचा. आधी सगळं संगणकावर. ते जमलं तर साखळ्यांची यादी सिंथेसिसला (रसायनाने साखळ्या प्रत्यक्ष बनवून घ्यायला) पाठवायची. कोड माझा, लॅबमधलं मैत्रिणीकडे.

या विषयावर कुणी बोलायला लागलं की पहिल्याच वाक्यात 'एका ग्रॅममध्ये इतके एक्साबाइट' येतं. (एक्साबाइट म्हणजे हजार पेटाबाइट, पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट.) हिशेब खोटा नाही. एका बेसचं (साखळीतल्या एका दुव्याचं) वजन मोलला साधारण ३३० ग्रॅम आणि बेसमागे २ बिट धरले की ग्रॅमला ४५० एक्साबाइटच्या आसपास येतात. पण त्यात प्रत्येक रेणू एकदाच लिहिला आणि बिनचूक वाचला असं गृहीत आहे. २०१७ मध्ये एर्लिख आणि झिलिन्स्की यांनी प्रत्यक्ष फाइल परत मिळवून जी घनता दाखवली ती ग्रॅमला २१५ पेटाबाइट, म्हणजे या आकड्याच्या दोन हजाराव्या हिश्शाएवढी. मधलं सगळं चुकांच्या बंदोबस्तात आणि प्रतींत जातं. माझं काम त्या मधल्या भागातलंच आहे, त्यामुळे घनतेच्या बढाया इथेच बंद.

५ जून

कोष्टक साधंच घेतलं : ०० म्हणजे अ, ०१ म्हणजे स, १० म्हणजे ग, ११ म्हणजे थ. (ॲडेनीन, सायटोसीन, ग्वानीन, थायमीन.) एका बाइटला चार बेस.

नेहमीच्या यूटीएफ-८ (मजकूर बाइटांत साठवायची रूढ पद्धत) फाइलवर हे चालवून बघितलं आणि तिथेच थांबले. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे 'क' असा येतो :

थगअअ गगसअ गससस

आणि 'म' असा :

थगअअ गगसअ गगथग

पहिले आठ बेस जवळजवळ सगळीकडे तेच. कागदावर हे नुसतं कंटाळवाणं दिसतं, नळीत मात्र घातक ठरतं. सारखे तुकडे एकमेकांच्या जोडीदारांना (अ समोर थ, स समोर ग अशा पूरक साखळ्यांना) चिकटतात, पीसीआरमध्ये (साखळ्यांच्या प्रती वाढवायच्या प्रक्रियेत) अर्धवट वाढलेली साखळी भलत्याच साखळीवर जाऊन पुढे वाढते आणि दोन साखळ्यांचं कलम तयार होतं. वाचताना प्रती एकाखाली एक लावायला घेतल्या तर बारा घरं सरकवूनही त्या छान जुळल्यासारख्या दिसतात.

याहून गमतीची अडचण दीर्घ ईकाराची. त्याचा शेवटचा बाइट १२८, म्हणजे गअअअ. त्यापुढे मोकळी जागा आली तर ती ३२, म्हणजे अगअअ. दोन्ही जोडले की गअअअअगअअ, सलग चार अ. मोकळ्या जागेऐवजी स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असला तरी तेच, कारण त्यांचीही सुरुवात अ नेच होते. मराठीत ईकारान्त शब्दांना तोटा नाही. एकच बेस सलग आला की नॅनोपोरसारख्या, साखळी बारीक छिद्रातून ओढून वाचणाऱ्या यंत्राला तो चारदा आला की पाचदा, हे नीट मोजता येत नाही, कारण छिद्रातून जाताना विजेचा प्रवाह बदलतच नाही. म्हणून सलग तीनच्या वर नको, ही मर्यादा.

६ जून

तीन बाइटचा थाट सोडला. यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, देवनागरीचा कप्पा बरोबर १२८ घरांचा आहे आणि आस्कीचा (इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं) कप्पाही १२८ चाच. दोन्ही मिळून २५६, एका बाइटात मावतात. कल्पना नवीन नाही, १९९१ च्या इस्की मानकाची बांधणी अशीच होती. खालची बाजू आस्की, वरची भारतीय लिप्यांसाठी.

कप्प्याबाहेरचं जे काही मजकुरात होतं ते आधी वेचून काढलं. तिरकी अवतरणचिन्हं सरळ केली. 'वाऱ्यावर'मधला ऱ्य काही ठिकाणी साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून लिहिलेला होता. ते जोडचिन्ह कप्प्याबाहेरचं. तिथे सरसकट नुक्त्याचा ऱ घातला, दिसायला काहीच फरक नाही.

झिप करून जागा आणखी वाचली असती. नाही केलं. आवळलेल्या फाइलमध्ये एक बाइट बिघडला की पुढचं सगळं गढूळ होतं. इथे एक बाइट गेला तर एकच अक्षर जाईल, आणि ते वाचणाऱ्याला अंदाजाने भरता येईल. जी गोष्ट शेकडो वर्षं ठेवायची आहे तिच्यात हुशारी जितकी कमी तितकी बरी, असं माझं मत आहे.

२४,००० अक्षरं (काना, मात्रा वेगळे मोजून), २४,००० बाइट.

७ जून

सलग बेस टाळायला आधीच्यांनी काय केलं ते बघितलं. चर्च, गाओ आणि कोसुरी (२०१२) यांनी बेसमागे एकच बिट ठेवला : शून्याला अ किंवा स, एकाला ग किंवा थ. दोनातला कोणता घ्यायचा याची मोकळीक असल्यामुळे ओळ तोडता येते. गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी (२०१३) माहिती तीनच्या पायात (०, १, २ हे तीनच अंक) नेली. प्रत्येक बेस मागच्यापेक्षा वेगळा, उरलेल्या तिनांतून एक. त्यात एकच बेस सलग दोनदाही येत नाही, देखणी पद्धत आहे. एर्लिख आणि झिलिन्स्की यांनी मात्र नियम कोष्टकात घातलाच नाही. भरमसाट साखळ्या तयार केल्या आणि नियमात न बसणाऱ्या टाकून दिल्या.

मला तिसऱ्याची वृत्ती पटते.

११ जून

साखळीचा आराखडा ठरला, डावीकडून उजवीकडे : २० बेस प्राइमर (पीसीआर जिथून सुरू होतं तो ठरावीक तुकडा), ८ बेस पत्ता, ९६ बेस मजकूर (२४ बाइट), ८ बेस तपासणी, २० बेस दुसरा प्राइमर. एकूण १५२.

पत्ता लागतोच. नळीत साखळ्यांना क्रम नसतो, पानं सुटलेल्या पोथीसारखी अवस्था असते. पान क्रमांक प्रत्येक पानावरच हवा. आठ बेस म्हणजे १६ बिट. त्यातले ११ क्रमांकाला (२०४८ पर्यंत जातो, पुरे), उरलेले ५ मास्कला.

मास्क म्हणजे ठरावीक बियांपासून (सुरुवातीच्या आकड्यांपासून) तयार केलेली यादृच्छिक वाटणारी बिटांची पट्टी. अशा ३२ पट्ट्या आहेत. पत्त्यातला क्रमांक आणि मजकूर यांच्यावर पट्टी चढवायची, तपासणीचे दोन बाइट काढायचे, मग बघायचं : कुठे सलग चार बेस आलेत का, आणि ग व स मिळून ४० ते ६० टक्क्यांत बसतात का. नसेल तर पुढची पट्टी. क्रमांकावरही पट्टी हवीच, नाहीतर शून्य क्रमांकाची साखळी अ च्या रांगेनेच सुरू होईल.

१२ जून

गणित करून बघितलं. ११२ बेसच्या यादृच्छिक साखळीत सलग चार कुठेच न येण्याची शक्यता साधारण चारात एक. ग-स ची अट त्यातून थोडंच आणखी कापते. ३२ पट्ट्यांपैकी एकही न चालण्याची शक्यता लाखात आठच्या घरात. सगळ्या साखळ्या पार पडल्या. मजकूर मराठी होता याचा मागमूसही आता बेसच्या ओळीत दिसत नाही.

१९ जून

लॅबमध्ये. आराखडा दाखवला. मैत्रिणीने आधी लांबी विचारली आणि मग हसली. "अगं, तुझ्या फाइलमधली एक ओळ म्हणजे कुपीत एक रेणू नसतो. एका ठिपक्यावर त्याच साखळीच्या लाखो प्रती वाढतात आणि बऱ्याच प्रती आपापल्या वेगळ्या जागी चुकलेल्या असतात."

सिंथेसिसची एक फेरी तिने सांगितली तशी : वाढत्या टोकावरची संरक्षक टोपी आम्लाने काढायची, पुढचा बेस जोडायचा, ज्यांना तो जोडला गेला नाही त्यांचं तोंड कायमचं बंद करायचं, मग ऑक्सिडेशन. नव्या बेसवर त्याची स्वतःची टोपी असतेच, म्हणून फेरीत एकच बेस लागतो. तोंड बंद झालेल्या साखळ्या आखूड राहतात. तोंड बंद व्हायचं राहून गेलेल्या पुढच्या फेरीत पुन्हा वाढू लागतात, आणि त्यांच्यात मधला एक बेस गायब असतो. वगळीच्या चुका इथूनच येतात.

जोडणी ९९.५ टक्के यशस्वी धरली तरी १५१ जोडण्यांनंतर पूर्ण लांबीच्या साखळ्या ४७ टक्के. ९९ टक्के धरली तर २२. लांबी ३०० केली तर ९९.५ टक्क्यांवरही २२. म्हणजे लांबी वाढवून प्राइमर आणि पत्त्याचा खर्च वाचवू म्हटलं, तर पूर्ण साखळ्याच हाती येत नाहीत. १५२ ला हात लावणार नाही.

लिहिणं संथ आहे हे खरं, पण फेऱ्यांची संख्या साखळीच्या लांबीवर ठरते. चिपवर हजार साखळ्या असोत की दहा लाख, फेऱ्या तेवढ्याच. या क्षेत्राची सगळी आशा त्या समांतरपणावर आहे. उलट टोकाचं उदाहरण २०१९ चं : मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने माणसाचा हात न लावता 'हेलो' हा पाच बाइटचा शब्द डीएनएत लिहून परत वाचला. पूर्ण फेरीला साधारण २१ तास लागले. त्यातला बराचसा वेळ लिहिण्याच्या रसायनाचाच होता.

२० जून

बाहेरचा कोड, म्हणजे हरवलेल्या साखळ्या भरून काढणारा, रीड-सॉलोमन, १९६० चा. २४,००० बाइटच्या १००० साखळ्या होतात. त्यांचे पाच गट, प्रत्येकात २०० मजकुराच्या आणि ५० तपासणीच्या. एकूण १२५०. गटातल्या कुठल्याही ५० साखळ्या हरवल्या तरी उरलेल्या २०० वरून सगळं परत येतं. कुठल्या हरवल्या हे पत्त्यांवरून कळतंच.

आता एकूण हिशेब : १,९२,००० बिट, १,९०,००० बेस. बेसमागे दोन बिट म्हणून निघालो, पदरात पडला एकापेक्षा किंचित जास्त. मला हे वाईट वाटत नाही. उरलेला बिट वाया गेलेला नाही, तो विम्याचा हप्ता आहे.

२७ जून

सिम्युलेटर चालू. बदल, वगळ, भर या तिन्ही चुका दर शंभर बेसला एकेक ठेवल्या. आखूड वाचन करणाऱ्या यंत्रांच्या मानाने हे बरंच कडक आहे. या दराने ११२ बेसचं एखादं वाचन पूर्ण स्वच्छ निघायची शक्यता शंभरात तीन.

किती खोल वाचायचं? वाचनं सगळ्या साखळ्यांवर समान शक्यतेने पडतात असं धरलं, तर सरासरी एकदा वाचून ३७ टक्के साखळ्या दिसतच नाहीत, म्हणजे २५० च्या गटातल्या ९२. कोड तिथेच हात टेकतो. सरासरी दोनदा वाचलं तर ३४ हरवतात, कोड सावरतो, पण हाती आलेल्या साखळ्यांची एक-दोनच वाचनं असतात आणि त्यांतल्या चुका निस्तरता येत नाहीत. पाचदा वाचलं तर १२५० पैकी आठेक हरवतात. साखळी न दिसण्याचा प्रश्न इथे जवळजवळ संपतो, साखळी नीट न दिसण्याचा उरतो.

४ जुलै

बदलाची चूक सोपी. त्या घरात बहुमत घ्यायचं, झालं. वगळ आणि भर यांनी मात्र पुढची सगळी घरं सरकतात, आणि तपासणीचे दोन बाइट त्यापुढे हतबल असतात. म्हणून एकाच साखळीची वाचनं गोळा करून त्यांच्यातून एक साखळी ठरवायची. एक नमुना :

पहिलं वाचन : थगअसगथसअ
दुसरं : थगअसगथसअ
तिसरं : थगसगथसअ

दोन घरांपर्यंत सगळे एकमताने. तिसऱ्या घरात दोघं अ म्हणतात, तिसरं स म्हणतं. आता तिसऱ्याचं पुढचं बघायचं. त्याच्या हातात स ग आहे, आणि बाकीच्या दोघांचं अ नंतरचं तेच आहे. म्हणजे त्याने अ गाळलाय. त्याचा काटा (ते कुठवर आलं ते दाखवणारा) जागेवर थांबवायचा, बाकीच्यांचा पुढे न्यायचा. पुढच्या घरात तिघं पुन्हा जुळतात. भर असेल तर उलट : त्याचा काटा दोन घरं पुढे. बदल असेल तर सगळे एकेक घर.

एवढंच. तीस-चाळीस ओळींचा कोड आहे, पण हा जोडल्याबरोबर परत आलेला मजकूर अचानक वाचण्याजोगा झाला. पूर्ण प्रकल्पात मला सगळ्यात जास्त आनंद याच भागाने दिला.

५ जुलै

आनंदात एक खोट. एखाद्या वाचनाचा काटा एकदा चुकला की तिथून पुढे ते वाचन चुकीचंच मत देत राहतं. डावीकडून चालत गेलं की उजवीकडे चुका साठतात. त्यावरचा उपाय माहितीतला आहे : अर्धी साखळी डावीकडून ठरवायची, अर्धी उजवीकडून. मग टोकं घट्ट होतात आणि चुका मध्यात गोळा होतात. आलेख काढला तर मध्यावर टेकडी दिसते.

याचा अर्थ साखळीतल्या सगळ्या जागा सारख्या भरवशाच्या नाहीत. पत्ता टोकाला आहे, तो सुरक्षित. पण बाहेरचा कोड स्तंभांनी चालतो : प्रत्येक साखळीचा पहिला बाइट मिळून एक शब्द, बारावा मिळून दुसरा. बाराव्याच्या शब्दावर सगळी आपत्ती, पहिल्याच्या शब्दाला तपासणीचे ५० बाइट नुसते बसून. ही वाटणी अन्यायाची आहे.

८ जुलै

दोन बदल केले. एक, कोडचे शब्द उभे न ठेवता कर्णरेषेत लावले : प्रत्येक पुढच्या साखळीत मजकूर एक घर फिरवून भरायचा. आता प्रत्येक शब्द काही साखळ्यांत टोकाशी असतो, काहींत मध्यात. दोन, साखळीची तपासणी जुळली नाही तर ती अख्खी टाकायची नाही, मधले आठ बाइट तेवढे 'हरवले' म्हणून खूण करायची. हरवलेल्या बाइटला रीड-सॉलोमनमध्ये एक तपास-बाइट लागतो, चुकीच्या पण बिनखुणेच्या बाइटला दोन. माहीत नाही असं सरळ सांगणारी साखळी निम्म्या खर्चात पडते.

पाचपट वाचनावर पाचही गट स्वच्छ उघडले.

१५ जुलै

सिम्युलेटर फार सभ्य आहे अशी मैत्रिणीची तक्रार. खरी वाचनं समान पडत नाहीत. पीसीआरमध्ये एक साखळी दर फेरीला बरोबर दुप्पट होते आणि दुसरी १.९ पट, असं धरलं तर ३० फेऱ्यांनंतर पहिलीच्या प्रती दुसरीच्या साडेचार पटींहून जास्त असतात. सुरुवातीचा एवढासा फरक! प्रतींची वाटणी तिरकी केली, आणि पाचपट वाचनावरचा निर्धास्तपणा गेला. दहापटीवर पुन्हा बरं आहे. फेऱ्या कमीत कमी ठेवायच्या, अशी सूचना लॅबच्या वहीत तिने स्वतःच लिहून घेतली.

प्राइमरही आजच पक्के केले. एकाच नळीत पुढेमागे दुसऱ्या फाइल्स ठेवायच्या असतील तर फाइलचं नाव म्हणजे तिची प्राइमरची जोडी. ती जोडी टाकून पीसीआर केलं की तेवढीच फाइल वाढते, बाकीच्या पाण्यात तशाच. ऑर्गॅनिक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याच मार्गाने ३५ फाइल्स, २०० मेगाबाइटहून जास्त माहिती, सवडीने एकेक काढून दाखवली. माझ्या जोडीची तपासणी : वितळण्याचं तापमान दोघांचं जवळजवळ, स्वतःशीच दुमडत नाहीत, एकमेकांना चिकटत नाहीत, १२५० साखळ्यांच्या मजकुरात कुठे त्यांच्यासारखं काही नाही.

२२ जुलै

लहान काम. वाचनांची फाइल उघडणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक ओळीची लांबी आणि अक्षरं आधी तपासायची सोय केली. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी डीएनएच्या साखळीतच संगणकावर हल्ला करणारा कोड लिहून दाखवला होता. वाचन विश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये भगदाड त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं, पण मुद्दा लागू आहे. नळीतून आलेली माहिती म्हणून ती साळसूद असते असं नाही.

२९ जुलै

टिकण्याबद्दल. डीएनए टिकतो असं सगळे म्हणतात, कशामुळे बिघडतो ते कमी जण सांगतात. मुख्य शत्रू पाणी. पाण्यात अ आणि ग आपल्या जागेवरून सुटतात, मग तिथे कणा तुटतो. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ मध्ये काढलेला अर्धायुष्याचा अंदाज ५२१ वर्षांचा, २४२ बेसच्या तुकड्यासाठी, सरासरी १३ अंश तापमानात. गारठ्यात गोष्ट निराळी : ग्रीनलँडच्या गाळातून २०२२ मध्ये वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचला गेला, अर्थात लहान लहान तुकड्यांत.

ग्रास आणि सहकाऱ्यांनी झुरिकमध्ये (२०१५) साखळ्या काचेच्या सूक्ष्म कणांत बंद केल्या. ७० अंशांवर आठवडाभर तापवूनही मजकूर परत मिळाला, आणि मध्य युरोपच्या तापमानात ते २००० वर्षांच्या बरोबरीचं धरलं गेलं. काच फोडायला फ्लोराइडचं द्रावण लागतं, त्यामुळे आमच्या लॅबमध्ये ते होणार नाही. आम्ही वाळवून, बंद कुपीत, थंड आणि अंधारात ठेवणार.

तुटलेल्या साखळीला एका बाजूचा प्राइमर राहत नाही, म्हणून पीसीआरमध्ये ती वाढतच नाही. सिम्युलेटरच्या दृष्टीने म्हातारपण म्हणजे केवळ आणखी हरवलेल्या साखळ्या. ते सोंग आधीच पाठ आहे.

वजनाचाही हिशेब केला, उत्सुकता म्हणून. प्रत्येक साखळीच्या दहा हजार प्रती धरल्या तर पूर्ण मजकुराचं वजन साधारण एक पिकोग्रॅम. दिसण्याचा प्रश्नच नाही. कुपीवरची चिठ्ठीच कितीतरी जड.

२ ऑगस्ट

यादी पाठवली. १२५० ओळी, प्रत्येकी १५२ अक्षरं. सिंथेसिस करणारे मागणीतल्या साखळ्या रोगजंतूंच्या जनुकांशी ताडून बघतात. माझ्या ओळी कशाशीच जुळण्यासारख्या नाहीत, तरी अर्जात 'माहिती साठवणूक, कोणत्याही सजीवात घालणार नाही' असं स्पष्ट लिहिलं.

कुपीबरोबर ठेवायचा कागदही तयार केला. डीएनए वाचायची यंत्रं पुढेही असतीलच, वैद्यकाला त्यांची गरज आहे. पण थगअस म्हणजे कोणता बाइट आणि तो बाइट म्हणजे कोणतं अक्षर, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. कागदावर चार बेसचं कोष्टक, २५६ चिन्हांचा तक्ता, साखळीचा आराखडा, ३२ मास्कच्या पट्ट्या बियांऐवजी पूर्ण लिहून (बी पासून पट्टी बनवणारा प्रोग्रॅम टिकेल याची खात्री कोण देणार), कर्णरेषेचा नियम आणि रीड-सॉलोमनचं बहुपद. बारीक टाइपात दोन पानं झाली. पत्त्यात आधी क्रमांकाचे ११ बिट आणि मग मास्कचे ५, हे सगळ्यात वर. मास्कचे ५ बिट उघडेच असतात, आधी तेच वाचायचे, त्याशिवाय क्रमांकावरची पट्टी उतरत नाही.

साखळ्या येईपर्यंत नॅनोपोरच्या वाचनांवर प्राइमर शोधून छाटण्याचं काम. वाचन दोन्ही दिशांनी येतं, तेव्हा उलट-पूरक साखळ्या आधी सरळ करून घ्यायच्या.